फॉर्म गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

क्रिकेटवरच्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा येतो. मोठा फलंदाज ऐन विश्वचषकात अचानक ढेपाळतो, म्हणजे त्याचं काय होतं? या वेळी या एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : २०२४ च्या आयपीएलमध्ये विराट कोहलीने ७४१ धावा काढल्या. पंधरवड्याने तो अमेरिकेत टी-ट्वेंटी विश्वचषकात उतरला, तर तिथे उपांत्य सामना धरून सात डावांत त्याच्या फक्त ७५ धावा! आणि मग अंतिम सामन्यात एकाच डावात ७६. फॉर्म पंधरा दिवसांत जातो कसा आणि एका रात्रीत परत येतो कसा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : माझं मत विचाराल तर तो पंधरा दिवसांत गेला नव्हता आणि एका रात्रीत परतलाही नव्हता. आपण फार थोड्या चेंडूंवरून फार मोठा निकाल देऊन मोकळे झालो होतो.

ते सात डाव आधी समोर मांडू. ५ जूनला आयर्लंडविरुद्ध ५ चेंडूंत १. ९ जूनला पाकिस्तानविरुद्ध ३ चेंडूंत ४. १२ जूनला अमेरिकेविरुद्ध पहिल्याच चेंडूवर शून्य. हे तिन्ही सामने न्यूयॉर्कला झाले. फ्लोरिडातला कॅनडाविरुद्धचा सामना ओल्या मैदानापायी झालाच नाही. पुढे वेस्ट इंडीजमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध २४ चेंडूंत २४, बांगलादेशविरुद्ध २८ चेंडूंत ३७, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५ चेंडूंत शून्य आणि उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९ चेंडूंत ९.

धावांची बेरीज ७५, आणि चेंडूंची बेरीजही बरोबर ७५! तीन आठवडे घराघरांत, चहाच्या टपरीवर आणि वाहिन्यांवर ज्या अपयशाचा कीस काढला जात होता ते सगळं मिळून साडेबारा षटकांचं होतं. कसोटीत जेवणापासून चहापानापर्यंत टिकलेला फलंदाज एवढे चेंडू एका सत्रात खेळतो. त्या एका सत्रात तो दोनदा चाचपडला, तीनदा चुकला, तर आपण 'आज जरा अडखळत होता' म्हणतो आणि विषय सोडून देतो. टी-ट्वेंटीत मात्र त्यातली प्रत्येक चूक वेगळ्या सामन्यात, वेगळ्या धावफलकावर, नावापुढे कोरली जाते.

शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नसते, कारण एका पातेल्यातला भात साधारण सारखाच शिजलेला असतो. फलंदाजी तशी सारखी शिजत नाही. खेळपट्टी बदलते, गोलंदाज बदलतो, डावातली गरज बदलते. इथली सात शितं सात वेगवेगळ्या पातेल्यांतली होती.

त्यात एक बारीक गोष्ट विसरली जाते. कोहलीचा त्या आयपीएलमधला शेवटचा सामना २२ मे रोजी झाला आणि १ जूनचा सराव सामना तो खेळला नाही. म्हणजे बेंगळुरू-अहमदाबादच्या सवयीतून तो थेट न्यूयॉर्कच्या त्या खेळपट्टीवर उतरला.

प्रश्न : मी तेव्हा लाँग आयलंडच्या मैदानावर सामना पाहायला गेलो होतो. चेंडू कधी गुडघ्याएवढा, कधी हेल्मेटवर. अशा खेळपट्टीवरच्या अपयशाला अपयश म्हणायचं का?
— एक मराठी वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाचता येईना अंगण वाकडं, ही सबब क्रिकेटपटू नेहमीच देतात. न्यूयॉर्कला मात्र अंगण खरोखरच वाकडं होतं.

नासाऊ काउंटीचं ते मैदान काही महिन्यांत उभारलेलं. खेळपट्ट्या जागेवर तयार झालेल्या नव्हत्या. ॲडलेडच्या मैदानाचे क्युरेटर डेमियन हॉफ यांच्या देखरेखीखाली त्या फ्लोरिडात मोठ्या ट्रेमध्ये वाढवल्या गेल्या आणि तिथून ट्रकने आणून बसवल्या. माती नीट दबून एकजीव व्हायला वेळ लागतो, तो मिळाला नाही. त्यामुळे एकाच टप्प्यावरचे दोन चेंडू दोन वेगळ्या उंचीने यायचे. ३ जूनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध श्रीलंकेचा डाव ७७ धावांत आटोपला. भारताविरुद्ध आयर्लंड ९६ वर बाद झाला. भारताने पाकिस्तानपुढे अवघं १२० धावांचं लक्ष्य ठेवलं आणि तरी सामना ६ धावांनी जिंकला. खेळपट्ट्या हव्या तशा खेळत नाहीत हे आयसीसीनेही निवेदन काढून मान्य केलं.

आता याच्या शेजारी त्या वर्षीची आयपीएल ठेवा. १५ एप्रिलला बेंगळुरूत सनरायझर्स हैदराबादने कोहलीच्याच संघाविरुद्ध २८७ धावा कुटल्या होत्या. पाटा खेळपट्ट्या, छोट्या सीमारेषा आणि 'इम्पॅक्ट प्लेअर'मुळे हाताशी एक फलंदाज जास्त. तिथे काढलेल्या ७४१ धावांवरून न्यूयॉर्कचा अंदाज बांधायचा, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा वेग पाहून आंबोली घाटात गाडी किती वेळात चढेल हे सांगण्यासारखंच.

पण सगळं खापर खेळपट्टीवर फोडता येत नाही. २४ जूनला सेंट लुशियात ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळपट्टी फलंदाजीला झकास होती. रोहित शर्माने ४१ चेंडूंत ९२ धावा फटकावल्या, भारताच्या २०५ झाल्या. कोहली मात्र जोश हेझलवूडला ओढून मारायच्या नादात चेंडू हवेत उडवून पाचव्या चेंडूवर परतला. खेळपट्टीची सबब पहिल्या तीन डावांना लागू पडते, या डावाला नाही.

प्रश्न : मग याचं कारण सलामीला येणं हे होतं का? तो तिसऱ्या क्रमांकावरच शोभतो, असं आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं मत आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कट्ट्याचं मत अर्धं बरोबर आहे. आयपीएलमध्ये कोहली कित्येक हंगाम सलामीलाच खेळत होता आणि आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतलं त्याचं एकमेव शतकही, २०२२ च्या आशिया चषकात दुबईला अफगाणिस्तानविरुद्ध काढलेलं नाबाद १२२, सलामीला येऊनच झालेलं आहे. तेव्हा सलामीचं वावडं त्याला नव्हतं. सलामीला येऊन *कसं* खेळायचं हे मात्र बदललं होतं.

त्याची खरी पद्धत पाहायची असेल तर २३ ऑक्टोबर २०२२ चा मेलबर्नचा सामना आठवा. पाकिस्तानविरुद्ध १६० धावांचं लक्ष्य, भारत ४ बाद ३१. कोहली एका टप्प्यावर २१ चेंडूंत १२ वर होता. डाव संपला तेव्हा ५३ चेंडूंत नाबाद ८२. म्हणजे पुढच्या ३२ चेंडूंत ७०! आधी एकेरी-दुहेरी धावा पळून नजर बसवायची, क्षेत्ररक्षकांमधल्या फटी ओळखायच्या आणि शेवटी गिअर टाकायचा. हॅरिस रौफला मारलेले ते दोन षटकार आपल्याला आठवतात, पण त्यांची बांधणी आधीच्या त्या कंटाळवाण्या एकवीस चेंडूंत झालेली होती.

त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताने ॲडलेडला १६८ धावा केल्या आणि इंग्लंडच्या बटलर-हेल्स जोडीने एकही गडी न गमावता त्या पार केल्या. तिथून भारतीय संघाने धोरण बदललं. पहिल्या सहा षटकांत हात राखून खेळायचं नाही, बाद झालो तरी चालेल. रोहितने हे आधी स्वतः करून दाखवलं. रोहितच्या हाडातच ते होतं. कोहलीने ते संघासाठी अंगावर घेतलं.

त्याच्या बाद होण्यात ते स्पष्ट दिसतं. आयर्लंडविरुद्ध पुढे सरसावून बॅट फिरवली आणि झेल डीप थर्डला. पाकिस्तानविरुद्ध नसीम शाहचा बाहेरचा चेंडू कव्हरच्या दिशेने थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात. अफगाणिस्तानविरुद्ध रशीद खानला उचलून मारताना लाँग ऑफला झेल. बांगलादेशविरुद्ध तन्झीम साकिबला पुढे येऊन मारताना त्रिफळा. उपांत्य सामन्यात डावखुऱ्या रीस टॉप्लीला एक षटकार मारला आणि त्याच षटकात पुन्हा आडव्या बॅटने ओढायला गेला तर यष्ट्या उडाल्या. हा शेवटचा फटका नीट पाहण्यासारखा आहे. एरवी कोहली षटकारानंतरचा चेंडू हमखास एका धावेसाठी ढकलतो, समोरच्या गोलंदाजाला हात चोळत बसवतो. इथे त्याने लागोपाठ दुसरा जुगार खेळला.

तेव्हा दोष क्रमांकाचा म्हणण्यापेक्षा अंगवळणी नसलेल्या चालीचा होता. ती चाल संघाला हवी होती, म्हणून त्याच्या विकेटचा काही हिस्सा संघाच्या खात्यावर मांडायला हवा.

अमेरिकेविरुद्धचा भोपळा तेवढा वेगळा. सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज. २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, मुंबईसाठी रणजी खेळला, मग शिकायला अमेरिकेला गेला आणि ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअर अभियंता म्हणून स्थिरावला. त्याच स्पर्धेत सुपर ओव्हर टाकून त्याने पाकिस्तानला हरवलं होतं. त्याचा चेंडू ऑफ यष्टीबाहेर तिरपा निघाला, कोहलीची बॅट अंगापासून लांब गेली आणि कड घेऊन चेंडू यष्टिरक्षकाकडे. पुढच्या षटकात त्याने रोहितलाही काढलं. दादरच्या शिवाजी पार्कात त्या रात्री नेमकं कुणाच्या बाजूने ओरडायचं, असा अनेकांना पेच पडला असेल!

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक आहे. सात डावांतलं अपयश हा निव्वळ योगायोग असू शकतो का, हे आकड्यांनी दाखवता येईल?
— एक वाचक, पणजी

उत्तर : येईल, आणि मुलांना वर्गात करून पाहण्याजोगं हे उदाहरण आहे.

आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीच्या पूर्ण कारकिर्दीत कोहलीने ११७ डावांत ४१८८ धावा काढल्या, ३१ वेळा नाबाद राहिला, म्हणजे ८६ वेळा बाद झाला. स्ट्राइक रेट १३७ धरला तर त्याने सुमारे ३०५० चेंडू खेळले. भागाकार केला की दर ३५ चेंडूंमागे एकदा बाद, असा हिशेब निघतो.

प्रत्येक चेंडूला बाद होण्याची शक्यता सारखी, पस्तिसात एक, असं घटकाभर मानू. मग पहिल्या दहा चेंडूंतच बाद होण्याची शक्यता येते सुमारे २५ टक्के. म्हणजे कोहलीसारखा फलंदाज उत्तम लयीत असतानाही चारांतल्या एका डावात हातपाय हलवण्याआधीच परतणार! हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण टी-ट्वेंटीचा स्वभावच तो आहे.

या स्पर्धेत सातांपैकी पाच डावांत तो दहा चेंडूंच्या आत बाद झाला. २५ टक्क्यांच्या हिशेबाने सातांत पाच किंवा अधिक वेळा असं होण्याची शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास, साधारण ऐंशीत एकदा. म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडून देण्याइतकी ही गोष्ट साधी नाही.

पण आता वरची दोन कारणं हिशेबात घ्या. नवा चेंडू, लहरी खेळपट्टी आणि पहिल्या चेंडूपासून हल्ला. यांमुळे दहा चेंडूंत बाद होण्याची शक्यता २५ वरून ४० टक्क्यांवर गेली असं धरा. हा आकडा माझा अंदाज आहे, तुम्ही ३५ किंवा ४५ घेऊनही करून पाहा. तेच गणित पुन्हा मांडलं तर सातांत पाच अपयशांची शक्यता जवळपास दहा टक्के होते. ऐंशीत एकदा घडणारी गोष्ट दहांत एकदा घडणारी झाली.

म्हणून फलंदाज संपला हा निष्कर्ष काढावा न लागताही हे सगळं समजून घेता येतं. थोडी परिस्थिती, थोडं धोरण आणि उरलेलं नशीब. आपल्याला तिन्हींची बेरीज दिसते आणि तिला आपण 'फॉर्म' म्हणतो.

प्रश्न : म्हणजे फॉर्म जाणं असं काही नसतंच का? खेळाडू स्वतःच तर म्हणतात, 'चेंडू बॅटवर येत नाहीये.'
— एक वाचक, अकोला

उत्तर : असतं ना! आणि कोहलीच्याच कारकिर्दीत त्याची दोन ठसठशीत उदाहरणं आहेत.

पहिलं २०१४ चा इंग्लंड दौरा. पाच कसोटींत, दहा डावांत १३४ धावा. इथे संख्येपेक्षा बाद होण्याची तऱ्हा महत्त्वाची. ऑफ यष्टीबाहेरचा बाहेर जाणारा चेंडू, त्यावर लांबवलेली बॅट, कड आणि मागे झेल. जेम्स अँडरसनने त्याला चारदा काढलं. एकाच भोकातून पुन्हा पुन्हा पाणी गळत असेल तर नशिबाला बोल लावता येत नाही, तिथे तंत्रच दुरुस्त करावं लागतं. परतल्यावर कोहली मुंबईत सचिन तेंडुलकरकडे गेला, दोघांनी नेट्समध्ये काम केलं, उभं राहण्याची पद्धत सुधारली. २०१८ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि पाच कसोटींत ५९३ धावा काढून आला.

दुसरं उदाहरण मनाच्या थकव्याचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत त्याने शतक काढलं आणि त्यानंतर तीन वर्षं भरत आली तरी कुठल्याच प्रकारात शंभरी नाही. शेवटी २०२२ च्या आशिया चषकाआधी त्याने महिनाभर बॅटला हातच लावला नाही. आपण ओढूनताणून जोश दाखवत होतो, हे त्याने त्या वेळी उघडपणे सांगितलं. मग ८ सप्टेंबरला ते नाबाद १२२ आलं.

या दोन्हींत आणि २०२४ च्या सात डावांत फरक काय? एक तर मुदत. तो दौरा किंवा तो काळ महिन्यांत, वर्षांत मोजण्याजोगा होता, हा तीन आठवड्यांचा. दुसरं, बाद होण्याची तऱ्हा. इथे बाद करणाऱ्यांत उजव्या हाताचे वेगवान होते, डावखुरे होते, लेगस्पिनर होता. झेल डीप थर्डला, कव्हरला, यष्टीमागे, लाँग ऑफला, दोनदा त्रिफळा. सगळ्यांनी मिळून बोट ठेवावं अशी एकच उणीव त्यातून सापडत नाही. दुखणं एकच असेल तर ते बहुधा एकाच जागी दुखतं.

प्रश्न : हे सगळं मान्य. पण त्याच्या जागी एखादा नवखा असता तर तिसऱ्या सामन्यानंतर बाहेर बसला असता. यशस्वी जैस्वाल तर संघात बसूनच होता. हा नावाचा लाड नव्हे काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर थोडं अप्रिय आहे. तेच सात डाव दोन खेळाडूंबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

नवख्याच्या नावावर आधीचे दहा डाव असतील तर नंतरची सात अपयशं म्हणजे त्याच्याबद्दलच्या आपल्या माहितीचा मोठा हिस्सा. कोहलीच्या नावावर त्या विश्वचषकाआधी केवळ टी-ट्वेंटी विश्वचषकांतच ११४१ धावा होत्या, ८१ च्या वरच्या सरासरीने. २०१४ आणि २०१६ मध्ये तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता, २०२२ मध्ये २९६ धावा काढून सर्वाधिक धावांचा मानकरी. त्या ढिगावर सात डावांचं वजन टाकलं तर काटा हलतो, पण पार दुसऱ्या बाजूला झुकत नाही. उपांत्य सामन्यानंतर रोहितने जे सांगितलं त्याचा मथितार्थ हाच होता. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाच्या बाबतीत फॉर्म हा मुद्दा नसतो, आणि कदाचित त्याने धावा अंतिम सामन्यासाठी राखून ठेवल्या असतील, अशी पुस्तीही त्याने जोडली.

तरीही तुमची शंका पूर्ण खोडता येत नाही. कोहली तेव्हा ३५ वर्षांचा होता. वयाने येणारा उतार असतोच, नजर आणि हात एका क्षणाच्या अंशाने मंदावतात, आणि मोठ्या नावाच्या आडोशाला तो उतार लपतो. पण त्याचा निवाडा वर्षभराचे सामने पाहून, स्पर्धेआधी संघ निवडताना व्हायला हवा. एकदा विमानात बसवल्यावर तीन सामन्यांनी घाबरून फलंदाजीची फळी मोडणं म्हणजे निवड समितीचं काम कर्णधाराने भर मैदानात करणं. शिवाय जैस्वालला घ्यायचं तर शिवम दुबेला किंवा कुणा अष्टपैलूला बसवावं लागत होतं. हा हिशेब एका माणसाचा नव्हता.

अशा वेळी विश्वास ठेवला की तो फळतोच, असंही नाही. २०२१ मध्ये डेव्हिड वॉर्नरला त्याच्या आयपीएल संघाने बाहेर बसवलं होतं. ऑस्ट्रेलियाने त्याला खेळवलं आणि २८९ धावा काढून तो विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२२ मध्ये पाकिस्तानने बाबर आझमवर तसाच भरवसा ठेवला. उपांत्य सामन्यातल्या ५३ सकट त्याच्या सात डावांत १२४ धावा झाल्या, आणि संघ तरीही अंतिम फेरीत पोहोचला.

प्रश्न : शेवटी ७६ धावा काढून त्याने सगळ्यांची तोंडं बंद केलीच ना? मग एवढा काथ्याकूट कशाला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तोंडं बंद झाली खरी, पण का झाली ते पाहा.

२९ जून, ब्रिजटाउन. कोहलीने मार्को यान्सेनच्या पहिल्याच षटकात तीन चौकार मारले. मग केशव महाराज आणि रबाडाने रोहित, पंत आणि सूर्यकुमार यांना टिपलं आणि भारत ३ बाद ३४. इथे कोहलीने धोरण गुंडाळून ठेवलं आणि तो आपल्या जुन्या चालीवर आला. फटकेबाजीचं काम अक्षर पटेलने अंगावर घेतलं, ३१ चेंडूंत ४७. कोहलीचं अर्धशतक ४८ व्या चेंडूवर आलं. त्यानंतरच्या ११ चेंडूंत २६. भारत १७६.

आता घटकाभर उलटं घडलं असं समजा. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि हाइनरिख क्लासेन पेटलेला होता. तो २७ चेंडूंत ५२ वर असताना हार्दिकने त्याला बाद केलं. बुमराहने चार षटकांत १८ धावा देऊन दोघांना टिपलं. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेबाहेर जात-येत मिलरचा तो झेल पकडला. भारत ७ धावांनी जिंकला. यातली एक गोष्ट जरी निसटली असती तरी दुसऱ्या दिवशीचे मथळे काय असते? 'अर्धशतकाला ४८ चेंडू! कोहलीच्या संथ खेळीने घात.' खेळी तीच, फटके तेच, निकाल वेगळा.

युवराज सिंगला हे भोगावं लागलं. २०१४ च्या विश्वचषकात मिरपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ४३ चेंडूंत ६० काढल्या होत्या. अंतिम सामन्यात श्रीलंकेविरुद्ध २१ चेंडूंत ११ झाल्या, भारत हरला, आणि २००७ चे सहा षटकार आणि २०११ चा विश्वचषक लोकांनी एका रात्रीत पुसून टाकला. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला ५८ चेंडूंत ७७ काढणारा कोण होता? कोहलीच. कोहलीची सात अपयशं एका डावाने धुतली गेली आणि युवराजचं सगळं यश एका डावाने. दोन्ही निकाल सारखेच उतावळे.

सामनावीराचा किताब घेतानाच कोहलीने हा आपला शेवटचा टी-ट्वेंटी विश्वचषक असल्याचं सांगून टाकलं आणि आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतून निवृत्ती घेतली. त्या स्पर्धेतला त्याचा एकूण हिशेब आठ डावांत १५१ धावा, सरासरी १९ पेक्षाही कमी. सरासरीने पाहिलं तर त्याच्या सगळ्या टी-ट्वेंटी विश्वचषकांतला हा सर्वांत हलका, आणि जिंकलेला तेवढा हाच एक.

काथ्याकूट अशासाठी, की पुढच्या स्पर्धेत कुणाचा तरी असाच पंचनामा होणार आहे. तेव्हा धावांच्या आकड्यावर जाण्याआधी तीन गोष्टी पाहा. तो एकूण चेंडू किती खेळला? शंभराच्या आत असतील तर मत राखून ठेवा. तो बाद कसा होतोय, दरवेळी एकाच तऱ्हेने की निरनिराळ्या? एकाच तऱ्हेने असेल तर काळजी करा. आणि संघाने त्याला कोणतं काम दिलं आहे? विकेट धोक्यात घालून मारायला सांगितलं असेल, तर तो बाद झाला म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. तेव्हा बोलायचंच असेल तर ज्यांनी ते काम नेमून दिलं त्यांच्याशी बोला.